३६०० ची रॅम घेऊ का साधीच? मिक्सिंगचा कॉम्प्युटर अडकून रायला

मिक्सिंगवाला (दारव्हा)

राम राम मंडळी. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या, जसं बोलतो तसंच टाइप करून रायलो.

मी दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात लग्नाचं शूटिंग अन् मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) करतो. माह्यावाला कॉम्प्युटर असा हाय: आय५-१०४०० प्रोसेसर, एच४१० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबीचा एसएसडी, फुटेजसाठी २ टीबीची हार्ड डिस्क, अन् एक जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, जे मागच्या डब्ब्यातून काढून याच्यात लावलं. काम सगळं एडियस नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये.

फुल एचडी होतं तवा काई तरास नोता. आता पोट्टे फोर-केशिवाय बोलत नाईत, वरून ड्रोन पायजेच. तीन कॅमेऱ्याची हळद टाइमलाइनवर टाकली का प्लेबॅक अडखळते. मामीचा हात नवरीच्या गालाले लागते अन् हळद दोन सेकंदानं लागते. डीजेचा आवाज पुढं, नाचणारे मांगं. परवा रात्री चाळीस मिनिटाच्या हळदीले रेंडर व्हायले (पक्की फाइल निघायले) एक तास पन्नास मिनिटं लागली.

मागच्या हप्त्यात नागपूरले सीताबर्डीवर बॅटऱ्या घ्यायले गेलतो. एका दुकानवाल्यानं सांगतलं, ‘३६०० मेगाहर्ट्झची रॅम टाका, ओव्हरक्लॉक करून देतो, मशीन उडाली पायजे.’ लाइटवाली हाय, रंग बदलते. साध्या २६६६ च्या जोडीपेक्षा ३८०० रुपये जास्त. घरी बोललो तं बाबा म्हणे, ‘त्यात डीएपी खताच्या दोन थैल्या येऊन वर ११०० उरते, अन् थैलीनं पऱ्हाटी तरी वाढते.’

तं इचारायचं असं का, फास्ट रॅमनं खरंच फरक पडते का? ओव्हरक्लॉक म्हणजे नेमकं काय करतेत, जळत तं नाई ना? अन् घ्यायचीच हाय तं डीडीआर५ च घेऊ का? तुळशीच्या लग्नानंतर सात बुकिंगा हायेत, तवापर्यंत काईतरी करा लागते.

आर्वीचा_गेमर

घे भाऊ, डोळे झाकून घे! माह्याकडं रायझन ५६००जी प्रोसेसर हाय, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाई. आधी रॅमची ८ जीबीची एकच २४०० ची स्टिक होती, जीटीए फाइव्ह गेमले ७२० पी वर ३४ एफपीएस (सेकंदाले ३४ फ्रेम) यायचे. ३२०० च्या दोन स्टिका टाकल्या तं सरळ ५७. रॅम बदलली अन् गेम बदलला. लोकं म्हणतेत रॅमच्या स्पीडनं काई होत नाई, त्याईले पाठवा माह्याकडं.

पुसद_ते_पुणे

गेमरभाऊ, तुम्ही एका दमात दोन गोष्टी बदलल्या: एकाच्या दोन स्टिका केल्या आणि स्पीडही वाढवला. मग ३४ चे ५७ नेमके कशाने झाले? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्याच दोन स्टिका २४०० वर चालवून बघा ना एकदा.

बाकी खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला फार भुलायचं कारण नाही, त्याच्या शेजारी सीएलचा आकडा असतो (मागितल्यावर माल यायला घड्याळाचे किती ठोके लागतात तो), तोही वाचायचा. सीएलला २००० ने गुणा, स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८, तेही १० च. पहिला दाणा हातात पडायला दोघांना सारखाच वेळ; मोठा आकडावाला त्यानंतर जरा भराभर ओततो, एवढंच. उलट बाजारात सर्रास मिळणारी साधी ३२०० सीएल २२ ची स्टिक पावणेचौदावर जाते. आकडा तोच ३२००, पण माल वेगळा.

मी दिवसभर कोड कंपाइल करतो. ३२०० वरून ३६०० वर गेलो तेव्हा सहा मिनिटांच्या कामात चार सेकंद वाचले. तेवढ्यात चहाचा कपही उचलून होत नाही.

आर्वीचा_गेमर

केलं राजेहो. तीच जागा, तीच गाडी, तोच रस्ता. एक स्टिक २४०० वर: ३४. दोन स्टिका २४०० वर: ४९. दोन स्टिका ३२०० वर: ५७. मंग जोशात ३६०० केलं: ५९. मानलं पुणेवाले, जास्तीची मजा दोन स्टिकांची हाय.

मंग अजून जोश आला, ४००० ठेवलं. स्क्रीन काळी. तीन दिवस काळीच होती. आई म्हणे, ‘केला का इतला पैसा मातीत?’ शेवटी बोर्डावरचा गोल सेल काढून दहा मिनिटं बाजूले ठेवला, तवा कुठं मशीन जागी झाली.

पेचकस_ब्रह्मपुरी

मंडळी, आधी मशीन बघा, मग सल्ला द्या. त्याचा बोर्ड एच४१० आहे गा!

मिक्सिंगवाले दादा, ३६०० ची रॅम तुमच्या बोर्डात बसेल, चालेलही, पण चालेल २६६६ वरच. आय५-१०४०० साठी इंटेलने ठरवलेला आकडा २६६६, आणि त्याच्या वर नेण्याची मुभा त्या पिढीत फक्त झेड४९० बोर्डांना होती. एच४१० आणि बी४६० च्या बायोसमध्ये वरचा आकडा निवडताच येत नाही. पुढच्या पिढीत बी५६० पासून हे कुलूप उघडलं, तुमच्यावर अजून आहे. दुकानदार काय ओव्हरक्लॉक करून देणार होता, ते त्यालाच ठाऊक. तुमचे ३८०० रुपये रंगीत लायटीचे. त्यापेक्षा डीएपी बरी, बाबांना माझा नमस्कार सांगा.

गेमरचं म्हणणं त्याच्या जागी खरं आहे. ५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच जेवतं. २४०० ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते, ३२०० च्या दोन ५१.२ देतात. जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागतात तसं समजा. एकच वजनकाटा असला की रांग फाट्यापर्यंत जाते. दुसरा काटा चालू केला की निम्मी होते. काट्यावरचा माणूस थोडा चपळ आणला तर फरक पडतो, पण दुसऱ्या काट्याएवढा नाही.

ओव्हरक्लॉक काय असतं तेही सांगतो. रॅमवर एक बारकी चिप असते, एसपीडी म्हणतात. जलद म्हणून विकलेल्या रॅमच्या या चिपमध्ये दोन हिशेब लिहून ठेवलेले असतात. एक साधा, कुठल्याही बोर्डावर चालेल असा. दुसरा एक्सएमपी, म्हणजे कंपनीने स्वतः तपासून दिलेला जलद हिशेब. नवी रॅम लावली की ती साध्यावरच सुरू होते, एक्सएमपी बायोसमधून चालू करावं लागतं. (बरेच जण महागाची रॅम आणतात आणि वर्षानुवर्षं साध्यावरच चालवतात. माझ्याकडे महिन्याला एखादं तरी असं मशीन येतं.) डीडीआर४ चं व्होल्टेज त्यात १.२ चं १.३५ होतं. इंटेलच्या लेखी तेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच, पण जळत काही नाही. १.३५ वर जळलेली रॅम मी आजवर पाहिली नाही, मृगाच्या पहिल्या कडकडाटात गेलेले बोर्ड मात्र पोतंभर पाहिलेत.

अजून एक. ३६०० हे खरे मेगाहर्ट्झ नव्हेत. घड्याळ १८०० चंच, एका ठोक्याला दोनदा माल उचलतात म्हणून ३६००. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १३३३ दिसले म्हणून एक गिऱ्हाईक ‘२६६६ सांगून अर्धीच दिली’ असं म्हणत भांडायला आलं होतं.

आता तिसरा प्रकार, कंपनीचा हिशेब सोडून हाताने आकडे वाढवणं. तिथे माझी स्वतःची फजिती झाली आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो.

वडशाकडे एक फ्लेक्सवाला माझं जुनं गिऱ्हाईक. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची नाटकांची गावजत्रा, सुरू झाली की शिमग्यापर्यंत त्याला नाटकांच्या बोर्डांमधून मान वर करायला फुरसत नसते. म्हणाला, फायली उघडायला वेळ लागते, काही तरी कर. अकराव्या पिढीचा आय५, बी५६० बोर्ड, ३२०० ची जोडी. जानेवारीत बसलो हौसेने. ३४६६ वर नेली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण रिफ्रेशचा आकडा साडेतेरा हजारांच्या आसपास होता तो पन्नास हजार केला. बेंचमार्कात (वेग मोजायच्या प्रोग्राममध्ये) आकडे असे देखणे आले की मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावला, चार पास म्हणजे चार पूर्ण फेऱ्या, एक चूक नाही.

रिफ्रेश म्हणजे काय, तर रॅममधला एकेक बिट म्हणजे विजेचा एवढासा साठा, आणि तो माठासारखा पाझरतो. रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो. ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा भरून निघाल्या पाहिजेत असं मानकात आहे. जेवढं गरम, तेवढं पाझरणं जास्त. म्हणून रॅम ८५ अंशांच्या वर गेली तर दुप्पट वेळा भरा, असंही त्यातच लिहिलंय. भरताना रॅमला दुसरं काम करता येत नाही, तो वेळ वाचवायला मी भरण्याच्या पाळ्या जवळजवळ चौथाईवर आणल्या. जानेवारीच्या थंडीत माठ टिकला.

मग मे आला. ब्रह्मपुरीकडचा मे कसा असतो ते सांगायला नको, पारा ४५ ओलांडतो त्याचं कोणाला नवल वाटत नाही. त्याचं दुकान टिनाच्या छपराचं, कूलर प्रिंटरकडे तोंड करून. कॉम्प्युटर एकदाही हँग झाला नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. फक्त एका सकाळी फोन आला: ‘दादा, नवरदेवाची मिशी कानाखाली गेली.’

दहा बाय वीसचा शुभविवाहाचा बोर्ड. नवरदेवाचा चेहरा नाकापर्यंत ठीक, नाकाखाली एक आडवी रेघ, आणि रेघेच्या खालचं सगळं हातभर डावीकडे सरकलेलं, त्यात हिरवट. रात्री छापला, घाईत गुंडाळला, पहाटे मांडवाच्या दारात बांधला. कोणी उलगडून बघितलाच नाही. दोन दिवस आम्ही प्रिंटरचे हेड साफ करत बसलो. तिसऱ्या दिवशी फाइल झूम करून पाहिली, तर रेघ फाइलमध्येच. जेपीईजीत पुढचा माल मागच्यावर टेकलेला असतो, सेव्ह होताना मधला एक बिट पलटला की तिथून खाली सगळं घसरतं. दुपारी दोन वाजता मेमटेस्ट लावला, अकराव्या मिनिटाला लाल ओळी. तोच टेस्ट पहाटे लावला तर स्वच्छ! सगळं मूळ एक्सएमपीवर, ३२०० ला परत आणलं, मग भर दुपारीही चूक नाही. अर्ध्या फ्लेक्सचे पैसे मी दिले. तो स्क्रीनचा फोटो अजून फोनमध्ये आहे.

फ्लेक्स पुन्हा छापता येतो. दादा, तुमचं काम लग्नाचं. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं फुटेज हार्ड डिस्कवर जातं ते रॅममधूनच जातं, आणि कॉपी झाली की तुम्ही कार्ड फॉर्मॅट करून दुसऱ्या लग्नाला जाता. तिथे एक बिट पलटला तर कन्यादान परत करा म्हणून कोणाला सांगणार? उद्या बोर्ड बदललात तरी कामाच्या मशीनवर हाताने ओढाताण करू नका. एक्सएमपी चालेल, तेही मे महिन्यात भर दुपारी तपासून.

तुमचं दुखणं मला वेगळं वाटतं. हळदीची टाइमलाइन उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती टक्के, किती स्लॉट भरलेत आणि हार्ड डिस्क किती टक्के, एवढं सांगा. आणि मॉनिटरची वायर कुठे लावली आहे? जीटी ७१० ला का?

डीडीआर५ विसरा. खाचच वेगळ्या जागी असते, बसणार नाही.

मिक्सिंगवाला (दारव्हा)

दादा, लय उपकार. नवरदेवाच्या मिशीवर आम्ही दोघं बापलेक हसलो.

पाहिलं. मेमरी ९६ टक्के. स्लॉट दोनपैकी एक. हार्ड डिस्क १०० टक्के, तेही नुसतं टाइमलाइनवर माउस फिरवला तरी. मॉनिटर जीटी ७१० लेच लावलेला हाय, कार्ड हाय तं त्यालेच लावा लागते असं वाटलं.

पेचकस_ब्रह्मपुरी

मग सापडलं. ८ जीबी भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर फेकते, ती फेकायची फाइल म्हणजे पेजफाइल, तुमची बहुतेक हार्ड डिस्कवर आहे. तिथे आठ हजार स्पीडची रॅम लावा नाहीतर सोन्याची, वाट बघावीच लागणार.

असं करा. २६६६ किंवा साधी ३२०० ची १६ जीबीची एक स्टिक घ्या. ३२०० ची स्वस्त मिळाली तर तीच घ्या, ती गुपचूप २६६६ वर उतरते. जुनी ८ ची काढू नका. ८ आणि १६ लावली तर १६ जीबीपर्यंत दोन्ही काटे चालतात, वरच्या ८ ला एकच काटा मिळतो. तुमच्या कामाला पुष्कळ झालं. पेजफाइल एसएसडीवर आणा, त्यासाठी एसएसडीवरची जागा आधी रिकामी करा.

आणि ते जीटी ७१० काढा. एडियस एच.२६४ साठी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) इंटेलच्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडायची सोय, वापरतं, आणि बाहेरचं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात. म्हणजे घरचा कामाचा बैल गोठ्यात बांधून तुम्ही शेजाऱ्याचा म्हातारा बैल जुंपलाय. वायर मदरबोर्डला लावा, बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू आहे ना ते बघा, इंटेलचा ड्रायव्हर टाका. याला रुपया लागत नाही, म्हणून हे आधी करा आणि मग रॅम घ्यायला जा.

पुसद_ते_पुणे

पेचकस दादांना दुजोरा. फक्त एक, नवी स्टिक लावल्यावर पहिल्याच दिवशी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. ओव्हरक्लॉक नसलेली नवीकोरी रॅमसुद्धा खराब निघू शकते, आणि दुकानदार बदलून देतो तो पहिल्या आठवड्यातच हसून देतो.

मिक्सिंगवाला (दारव्हा)

बारा दिवसानं येऊन रायलो, कापूस वेचणीत अडकलो होतो.

आधी फुकटचं केलं. कार्ड काढलं, वायर बोर्डाले लावली, बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स ऑटोवर होतं ते चालू केलं. तीच चाळीस मिनिटाची हळद रेंडरले टाकली: एक तास दहा मिनिटं. मी दोनदा घड्याळ पाहिलं. मंग यवतमाळवरून १६ जीबीची साधी ३२०० आणली, पेजफाइल एसएसडीवर घेतली. आता अडतीस मिनिटं! मेमरी ६१ टक्क्यावर उभी रायते. तीन कॅमेरे संगं चालतेत, मामीचा हात लागते तवाच हळद लागते. ड्रोनचा तुकडा अजून थोडा अडकते, पण थे सोसता येते.

टास्क मॅनेजरात स्पीड २६६७ दाखवते, दादा म्हणे तसंच, गुपचूप उतरली.

नागपूरवाल्याचा फोन आलता, लाइटवाली रॅम ठेवून देऊ का म्हणून. म्हटलं बोर्ड एच४१० हाय. थो म्हणे, ‘अच्छा, मग राहू द्या.’

गेमर, जीटी ७१० पडलं हाय घरी, पायजे असल तं सांगजो.

आर्वीचा_गेमर

त्याच्यापेक्षा माह्यं ५६००जी चं आतलं ग्राफिक्स तेज हाय भाऊ, मी काय करू त्याचं? मेमटेस्ट लावला का नाई ते सांग.

मिक्सिंगवाला (दारव्हा)

लावला नं. पहिला पास साफ गेला. दुसऱ्या पासाले रात्री तीन वाजता लाईन गेली, अन् माह्या यूपीएसनं सातव्या मिनिटाले मान टाकली. आज रातच्याले परत लावतो.